जीएसटी उतरला, तरी छोटी गाडी मागेच का? आणि सहा लाखांत काय घ्यावं?

मानेवाडा_चौक

घरात चार माणसं. नागपुरात रोजचा फेरा मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी, जाऊन-येऊन ३० किमीच्या आसपास. महिन्यातून एखाद्या वेळी काटोल, नाहीतर भंडारा. म्हणजे महिन्याचे ९०० किमी धरा. ऑन-रोड सहा लाखांच्या आत बसवायचं आहे, त्यातले एक लाख रोख.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला तेव्हा वाटलं होतं, आता छोट्या गाड्यांचे दिवस परत येतील. पण शोरूममध्ये पाहावं तर काचेशी मायक्रो एसयूव्ही (आखूड पण उंच गाड्या) उभ्या आणि हॅचबॅक मागच्या कोपऱ्यात. अल्टोचं विचारलं की दोन मिनिटांत बोलणं टाटा पंचवर येऊन राहिलं. "हप्त्यात हजाराचाच फरक आहे" हे वाक्य तर तीन ठिकाणी ऐकलं.

दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. छोट्या गाडीला गिऱ्हाईक का मिळत नाही? लोकांना उंच गाडीची हौस आहे एवढं म्हणून सोडू नका. पैशाचं, यंत्राचं, रस्त्याचं कारण असेल तर ते सांगा. आणि माझ्या वापराला हजाराच्या फरकावर मोठी गाडी घेणं बरोबर आहे का?

—

हिशोबाची_वही

हजाराचा फरक खरा आहे. तो कसा तयार होतो ते पाहा.

पाच लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता १०,५०१. सात लाखांचं कर्ज, तोच दर, सात वर्षं: हप्ता ११,४४१. फरक ९४० रुपये. यात खोटं काही नाही, पण मुदत दोन वर्षांनी वाढवली आहे हे त्या वाक्यात येत नाही. तेच सात लाख पाच वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता १४,७०१, म्हणजे फरक ४,२०० चा. पहिल्या कर्जावर एकूण व्याज १.३० लाख, सात वर्षांच्या कर्जावर २.६१ लाख. पाच वर्षांनी छोटी गाडी बँकेकडून मोकळी झालेली असते, तेव्हा मोठीवर अजून साधारण २.४९ लाख मुद्दल बाकी असतं. त्या वेळी गाडी विकायची वेळ आली तर हाती किती उरेल, हे आधी मोजून ठेवा.

छोट्या गाडीच्या पडण्याचं एक मोठं कारण इथेच आहे. गिऱ्हाईक किंमत विचारत नाही, हप्ता विचारतो. मुदत ताणली की दोन लाखांचं अंतर महिन्याच्या हजारावर येतं, आणि मग "एवढ्यासाठी छोटी कशाला" हा प्रश्न घरातलंच कोणीतरी विचारतं.

दुसरं कारण करात आहे आणि ते फार कमी लोक पाहतात. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के केलं, आणि छोटी म्हणजे कोणती याची रेघ ओढली: लांबी ४,००० मिमीपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. तीच रेघ जीएसटीत आली. कंपन्यांनी काय केलं? गाडी त्या रेघेपर्यंत वाढवली. नेक्सॉन ३,९९५ मिमी लांब, पेट्रोल इंजिन ११९९ सीसी. अल्टो के१० फक्त ३,५३० मिमी, ९९८ सीसी. कायद्याच्या नजरेत दोन्ही छोट्याच, दोन्हींवर आता १८ टक्के. म्हणजे अल्टोने जे साडेचारशे मिमी वाचवले, त्यांचं सरकारकडून तिला काहीच मिळत नाही.

जीएसटी आणि उपकर मिळून पेट्रोलच्या छोट्या गाडीवर २९ टक्के होते, ते १८ झाले. शोरूमची किंमत त्यामुळे साडेआठ टक्क्यांनी उतरते. पाच लाखांच्या गाडीवर हे झाले ४२-४३ हजार. आठ लाखांच्या नेक्सॉनवर त्याच टक्क्याने ६८ हजार. रुपयांत पाहिलं तर कपात मोठ्या गाडीवर जास्त मिळाली! सप्टेंबर २०२५ मध्ये देशात सगळ्यात जास्त विकलेली गाडी नेक्सॉन होती, त्यात आश्चर्य नाही. रेघेच्या बाहेरच्या गाड्यांना मात्र कमी मिळालं. ब्रेझा चार मीटरच्या आत आहे, पण इंजिन १,४६२ सीसी, म्हणून ४५ वरून ४० टक्के, किमतीत जेमतेम साडेतीन टक्के.

तिसरं, गाडी एकदा घेतली की तिच्या आकाराचा खर्च कोणी मागत नाही. महाराष्ट्रात खाजगी गाडीचा रोड टॅक्स एकदाच, तोही किमतीवर: पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे २० लाखांपर्यंत १२, डिझेलला १३ आणि १४. टोल अल्टोला जेवढा तेवढाच फॉर्च्युनरला. सीताबर्डीत पार्किंगची पावतीही तेवढीच. जपानमध्ये के-कार नावाचा वर्ग आहे, ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी, ६६० सीसी. दरवर्षीचा कर कमी आणि बऱ्याच भागांत पार्किंगच्या जागेचा दाखला आधी द्यावा लागत नाही, म्हणून तिथे या गाड्या टिकून आहेत. आकार लहान ठेवल्याचा फायदा मालकाला दरवर्षी हातात मिळतो. आपल्याकडे असा फायदा फक्त थर्ड पार्टी विम्यात दिसतो: १,००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६. नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो, तेव्हा ६,५२१ आणि १०,६४०.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर. पेट्रोल १०४ रुपये धरा. शहरात हॅचबॅक १८ ची सरासरी देते, मायक्रो एसयूव्ही साडेचौदाची. ९०० किमीला एकीकडे ५,२००, दुसरीकडे ६,४५५. महिन्याला साडेबाराशेचा फरक. म्हणजे हप्त्यातला हजार दिसतो, पेट्रोलमधला साडेबाराशे दिसत नाही. दोन्ही मिळून महिन्याला २,२०० आणि वर दोन वर्षं जास्तीचे हप्ते. पाच लाखांचं कर्ज आणि पाच वर्षं यावर ठाम राहा.

—

फिटर_कामठी_रोड

वहीवाल्या भाऊंनी पैशाची बाजू बरोबर मांडली. पण छोटी गाडी महाग होत मोठीच्या जवळ का आली ते कारखान्यात पाहावं लागते.

गाडी आखूड केली की पत्रा कमी होतो. बाकी काहीच कमी होत नाही. छोट्या आणि मध्यम गाडीच्या सांगाड्यात समजा १५० किलोचा फरक आहे. पत्र्याचा भाव किलोला ६५-७० धरला तरी दहा हजार वाचले. आता न वाचणाऱ्या गोष्टी मोजा. एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) मॉड्युलेटर एकच, चाकांचे सेन्सर चार. एअरबॅगचा कंट्रोलर एक, स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग एक. इंजिनचा ईसीयू, म्हणजे छोटा संगणक, एक. सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर. रंगकामाचे थर तितकेच, दरवाजे तितकेच, वायरिंगचा हार्नेस जवळपास तितकाच, बसवायला माणसं तितकीच. साडेतीन मीटरच्या गाडीला अर्धा एअरबॅग लावता येत नाही.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ ला आली, जानेवारी २०१४ ला बंद झाली. सुरुवातीला कार्ब्युरेटर, ना एबीएस, ना एअरबॅग. तिला स्वस्त राहणं सोपं होतं. पुढे नियम एकामागे एक आले. नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०१७ पासून धडक चाचणी, चालू मॉडेलना ऑक्टोबर २०१९ पासून. सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा विमा एकदम. एप्रिल २०१९ पासून सगळ्या गाड्यांना एबीएस. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, मागाहून शेजारच्याचीही. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचे कडक नियम, आणि एप्रिल २०२३ पासून रस्त्यावर चालवून मोजायचं प्रदूषण. यातला एकही नियम चुकीचा नाही, जीव वाचतात. पण प्रत्येकाचा खर्च रुपयांत ठरलेला आहे, टक्क्यांत नाही. साडेतीन लाखांच्या गाडीवर ५० हजार चढले तर ते चौदा टक्के. दहा लाखांच्या गाडीवर पाच टक्के. आणि छोट्या गाडीचं गिऱ्हाईक दुचाकीवरून उतरून आलेलं असते. त्याच्यासाठी ५० हजार म्हणजे वर्षभराची बचत.

कंपनीच्या बाजूनेही पाहा. त्याच प्लॅटफॉर्मवर, त्याच इंजिनावर छत उंच केलं, चाकं मोठी केली, कडेने काळं प्लास्टिक लावलं की गाडी दोन लाख जास्त घेते आणि बनवायला तेवढे लागत नाहीत. मग छोटी कोण काढेल? नॅनो २०१८ ला थांबली. ईऑन २०१९ मध्ये गेली, सँट्रो आणि रेडी-गो २०२२ ला, अल्टो ८०० २०२३ ला. शोरूममध्ये छोटी गाडी कोपऱ्यात दिसते कारण कोपरा भरण्याइतकीच मॉडेलं उरली आहेत. विक्री घटली म्हणून मॉडेलं बंद, मॉडेलं बंद म्हणून विक्री आणखी कमी. नवीन डिझाइन आलं नाही की गाडी जुनाट दिसते, आणि जुनाट दिसणारी गाडी पहिली गाडी म्हणून कोणी घरी नेत नाही. डीलरचंही तेच: मार्जिन किमतीच्या टक्क्यात, सेल्समनचा वेळ दोन्हीकडे सारखाच. वर कर्ज, विमा, अॅक्सेसरीज मोठ्या गाडीवर मोठ्या.

आता नागपूरचं. इथे उंच गाडी लोक घेतात त्याला रस्त्याचं कारण आहे, नाही म्हणता येत नाही. सिमेंट रस्ते झाले तेव्हा बऱ्याच वस्त्यांत रस्ता वर आला आणि घराचं फाटक खाली राहिलं. त्या उतारावर गाडीचं पोट घासते. पंचचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटाची उंची) १८७ मिमी, वॅगन आर आणि स्विफ्टचा १६५ च्या आसपास. पण हा आकडा रिकाम्या गाडीचा असतो, चार माणसं आणि सामान भरलं की प्रत्येक गाडी दबते. शिवाय पोट घासणं दोन चाकांमधल्या अंतरावरही अवलंबून असते. अल्टोचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,३८० मिमी, फ्रॉन्क्सचा २,५२०. लहान व्हीलबेसची गाडी कमी उंचीवरही उंचवटा पार करते. म्हणून आकडे वाचून ठरवू नका. टेस्ट ड्राइव्हला चारही माणसं बसवा, गाडी आपल्या फाटकापर्यंत आणा आणि नेहमीच्या वेगाने आत-बाहेर करा. एकदा सरळ, एकदा तिरपी. नाक कुठे टेकते, पोट कुठे टेकते, सायलेन्सर कुठे टेकतो ते खाली वाकून पाहा. क्विडला छोटी असून १८४ मिमी आहे, तीही या यादीत ठेवा.

पाण्याबद्दल मोठा गैरसमज आहे. नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी भरलं की लोक समजतात, उंच गाडी जाईल. इंजिनाला मारणारी गोष्ट ग्राउंड क्लिअरन्स नाही, हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड आहे. ते बऱ्याच गाड्यांत हेडलाइटच्या मागे, जाळीच्या वरच्या बाजूला असते. बॉनेट उघडून एअर फिल्टरपासून नळी मागे काढत जा, तोंड जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी दिसलं की कोणतीही गाडी घालू नका, समोरच्या ट्रकने उठवलेली लाटच तिथपर्यंत पोचते. बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या विम्यात ते नाकारलं जाऊ शकते. विमा घेताना इंजिन प्रोटेक्टचं कलम जोडून घ्या.

एसी. मे महिन्यात ४५-४६ अंशांत छोटी गाडी गार होत नाही, हे इथलं सगळ्यात मोठं तक्रारीचं वाक्य. अर्धं खरं आहे. के१० मध्ये इंजिनाची ताकद सुमारे ६७ पीएस, वजन साधारण साडेसातशे किलो. पंचमध्ये ८८ पीएस, वजन एक टनाच्या आसपास. चार माणसांचे २६० किलो घातले तर एका टनाला अल्टोत ६६ पीएस येतात, पंचमध्ये ६९-७०. कागदावर जवळपास बरोबरी. अडचण सिग्नलवर येते: गाडी उभी, इंजिन आयडलवर, कंडेन्सरला (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीला) हवा फक्त पंख्याची. शिवाय मागे एसीचा झरोका नाही, त्यामुळे मागचे दोघं तापतात. यात इंजिनाच्या आकारापेक्षा देखभाल जास्त बोलते. मार्च संपायच्या आत कंडेन्सर कमी दाबाच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूने धुवा, जोरदार प्रेशर मारला तर पातळ पत्त्या आडव्या होतात. केबिन फिल्टर बदला. एसी लावून कंडेन्सरचा पंखा फिरतो का पाहा. उन्हातली गाडी काढताना चारही काचा उघड्या ठेवून दोन मिनिटं चालवा, मग काचा बंद करून आतली हवा फिरवायचं बटण दाबा. काचांवर नियमाबाहेरची काळी फिल्म लावू नका, जाळीचे पडदे वापरा.

—

समृद्धी_एकशेवीस

वरच्या दोघांनी सुरक्षेला हात लावला नाही. माझ्या मते २०१८ नंतर घरातल्या निर्णयात सगळ्यात जास्त वजन याच गोष्टीला आलं आणि छोटी गाडी इथे हरली.

२०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे (गाड्यांची धडक चाचणी करून तारे देणाऱ्या संस्थेचे) पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. २०२१ मध्ये पंचलाही पाच. दुसऱ्या बाजूला एस-प्रेसोला २०२० मध्ये शून्य, वॅगन आरला २०२३ मध्ये एक, के१० ला दोन. हे तारे मोबाइलवर पोचले आणि बाप मुलीला गाडी घेताना तारे मोजू लागला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपही सुरू झालं. इथे एक तपशील लक्षात ठेवा. त्या चाचणीत के१० चा सांगाडा स्थिर ठरला होता, वॅगन आरचा अस्थिर. २०२५ मध्ये या दोन गाड्यांना सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिअंटमध्ये आल्या, हे चांगलंच झालं. पण एअरबॅगने सांगाडा बदलत नाही. चाचणीचं वर्ष, एअरबॅगची संख्या आणि सांगाड्याचा शेरा, तिन्ही वाचा. लहान मुलांचे तारे वेगळे असतात, तेही पाहा. मागच्या सीटला आयसोफिक्सचे (मुलांची सीट अडकवायचे) हूक आणि मधल्या माणसाला तीन बिंदूंचा पट्टा आहे का, हे शोरूममध्येच हात घालून तपासा.

तारे समान असले तरी वजनाचं गणित उरतंच. ७६० किलोची गाडी आणि १,६०० किलोची गाडी समोरासमोर, दोघी ताशी ५० वर. आदळल्यावर एकत्र अडकल्या तर जड गाडी ताशी १८ च्या आसपास वेगाने पुढेच सरकते. जड गाडीतल्या माणसाच्या वेगात ताशी ३२ चा बदल, हलक्या गाडीतल्याच्या वेगात ६८ चा. एनकॅपची धडक एका ठरलेल्या अडथळ्यावर होते, त्यात हा फरक दिसत नाही. म्हणून रस्त्यावर जड गाड्या वाढल्या की हलकी गाडी चालवणाऱ्याचा धोका त्याने काहीही न करता वाढतो, आणि पुढची खरेदी तोही जडच करतो. छोट्या गाडीचं हे दुखणं कोणत्याही कपातीने बरं होणारं नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण महाल-इतवारीच्या गल्ल्यांना साडेतीन मीटरचीच गाडी शोभते.

शिवाय प्रवासाचा नमुना बदलला. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ ला उघडला, जून २०२५ ला मुंबईकडचा ७०१ किमीचा पूर्ण रस्ता. कारला मर्यादा ताशी १२०. माणूस वर्षातून चारदा जात असेल, पण गाडी त्या चार वेळांसाठी निवडतो. के१० चे टायर १४५/८० आर१३. ते १२० ला चालतात, पण गाडी हलकी आणि अरुंद, मोठी बस शेजारून गेली की हवेचा धक्का जाणवतो. छोटी गाडी घेऊन त्या रस्त्यावर जायचं असेल तर ताशी ९० च्या आसपास, डाव्या बाजूच्या लेनमध्ये. हवा थंड टायरमध्ये, सकाळी, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा; भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची ही समजूत घातक आहे. कमी हवेचा टायर जास्त दुमडतो, कडेची भिंत तापते आणि सिमेंटवर तासभर सलग वेगात तिथूनच फुटतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा वर्षं झाली असतील तर नक्षी शिल्लक असली तरी बदला.

—

मानेवाडा_चौक

तिघांचे आभार. समृद्धी वर्षातून एखाद्या वेळी, तेही नक्की नाही. दोन गोष्टी राहिल्या. सीएनजी घेतली तर पेट्रोलचा खर्च अजून उतरेल का? आणि याच पैशात चार वर्षं जुनी नेक्सॉन किंवा ब्रेझा मिळते, असं लोक म्हणून राहिले. तो रस्ता कसा?

—

हिशोबाची_वही

सीएनजीचं गणित पुण्याचं वाचून इथे लावू नका. नागपूरला गॅस बराच काळ पाइपलाइनने नाही, टँकरने द्रवरूपात आला. २०२२ मध्ये इथे भाव किलोला १२० पर्यंत गेला होता, तेव्हा देशातला सगळ्यात महाग. नंतर उतरला, पण आपल्या पंपावरचा भाव पाहूनच ठरवा.

हिशोब असा. पेट्रोलवर किलोमीटरला १०४ भागिले १८, म्हणजे ५.७८ रुपये. सीएनजी किलोला ९० आणि सरासरी २५ धरली तर ३.६०. वाचले २.१८. महिन्याला ९०० किमीला १,९६० रुपये. सीएनजी व्हेरिअंटला साधारण ९५ हजार जास्त लागतात, ते भरून यायला चार वर्षं. भाव १२० झाला तर वाचतात ९८ पैसे आणि भरून यायला नऊ वर्षं. रोड टॅक्स सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी आहे, त्याने थोडं आधी भरून येतं. महिन्याला १,५०० किमीच्या खाली असाल आणि भाव ९० च्या वर असेल तर मी पेट्रोलच सांगेन. छोट्या गाडीत डिकी सिलिंडरने जाते, हेही धरा. के१० ची डिकी मुळात २१४ लिटर. टाटाने २०२३ पासून दोन लहान सिलिंडर तळाशी बसवून डिकी वाचवली, पण त्या गाड्या तुमच्या बजेटच्या कडेला किंवा बाहेर आहेत. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, प्रमाणपत्राशिवाय पंपावर गॅस मिळत नाही.

—

फिटर_कामठी_रोड

जुन्या गाडीवर मी सांगतो, कारण नव्या अल्टोचं अर्धं गिऱ्हाईक तिथेच गेलं आहे. नवी छोटी की जुनी मोठी, या प्रश्नात लोक जुनी मोठी घेतात. सहा लाखांत चार-पाच वर्षांची चांगली गाडी मिळते, पण तिची देखभाल दहा लाखांच्या गाडीचीच राहते. १६ इंची टायर, मोठा क्लच, मोठे ब्रेक. सुटे भाग गाडीच्या मूळ किमतीच्या हिशोबाने येतात, तुम्ही दिलेल्या किमतीच्या नाही. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदरही नवीनपेक्षा जास्त असतो. वर्षाला ३० हजार देखभालीचे बाजूला ठेवता येत असतील तरच तिकडे वळा.

नागपुरात जुनी गाडी घेताना पुराची तपासणी सगळ्यात आधी. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत शिरलं, त्या रात्री उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. त्या दुरुस्त होऊन, धुऊन बाजारात आल्या. ओळखायचं असं: चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळीच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते, तिथपर्यंत कोणी धूत नाही. पुढच्या सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून खालच्या पट्ट्यांवर आणि बोल्टवर गंज पाहा. गालिचा कोपऱ्यातून उचला, खालचा फोम दाबा, वास घ्या. स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ. फ्यूज बॉक्सचं झाकण काढून टोकांवर हिरवट थर आहे का. यातल्या दोन खुणा मिळाल्या तर किंमत कितीही उतरली तरी सोडा, वायरिंगचे जोड वर्षभर एकेक करून बंद पडतात आणि एअरबॅगच्या कंट्रोलरवर भरवसा राहत नाही.

कागद: बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, परिवहनच्या अॅपवर आरसीचा नंबर टाकून नाव, बोजा, विमा आणि चालान. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर चेसिस नंबर देऊन किलोमीटरची नोंद काढा, मीटर फिरवलेला तिथेच सापडतो.

—

समृद्धी_एकशेवीस

जुन्या गाडीत अजून एक पाहा. नेक्सॉनचे पाच तारे शाबूत सांगाड्याचे आहेत. मोठी धडक खाऊन सरळ केलेल्या गाडीला ते लागू नाहीत. बॉनेटच्या खालचे दोन्ही रेल, रेडिएटरचा आडवा पट्टा आणि दारांच्या खांबांवरचे वेल्डिंगचे ठिपके पाहा. कारखान्याचे ठिपके गोल, एकसारख्या अंतरावर असतात. ओबडधोबड, घासून रंगवलेले दिसले तर तो सांगाडा कापून जोडलेला आहे. विम्याच्या क्लेमचा इतिहास विक्रेत्याकडून लेखी मागा.

—

मानेवाडा_चौक

ठरवलं. नवीन, पेट्रोल, पाच वर्षांचं कर्ज. वॅगन आर, टियागो आणि क्विड, तिन्ही रविवारी फाटकापर्यंत आणून पाहतो. टियागोला २०२० मध्ये चार तारे होते ना? व्हेरिअंट निवडताना काय सोडू नये?

—

समृद्धी_एकशेवीस

हो, चार, ग्लोबल एनकॅपचे, दोन एअरबॅगच्या गाडीला. व्हेरिअंटमध्ये मागचा वायपर आणि डीफॉगर, उंची बदलता येणारे पुढचे सीटबेल्ट आणि मागच्या सीटला डोकं टेकायचे सुटे आधार. टचस्क्रीन नंतर बाहेरून बसवता येते, या तीन गोष्टी बसवता येत नाहीत.

—

फिटर_कामठी_रोड

टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला मागा, सकाळी नको. चार माणसं, एसी पूर्ण, आणि वर्धा रोडच्या उड्डाणपुलाचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये. गाडीची खरी ताकद आणि एसीचा खरा गारवा तिथे एकाच वेळी कळतो. डिलिव्हरीच्या आधी चेसिसवरचा निर्मितीचा महिना आणि टायरचे चार आकडे जुळवा. यार्डात सहा महिने उन्हात उभी राहिलेली गाडी देत असतील तर टायर आणि बॅटरी बदलून मागा, नाहीतर दुसरी गाडी मागा.